बंधाऱ्याखालचं जास्तीचं पाणी

भीमराव चौतीस वर्षं रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नोकरी संपून तीन महिने झाले, तरी रेल्वे काही अंगातून उतरली नव्हती. दुर्गापुऱ्याच्या भाड्याच्या घरात ते दूधवाला किती मिनिटं लेट आहे ते मोठ्याने जाहीर करत. इंदुमतीबाई पार कावल्या होत्या. म्हणून जलतज्ज्ञ लेक गौतमीने नदी मोजायला हाताशी माणूस हवा म्हटल्यावर त्यांनी नवऱ्याला डबा, मफलर आणि दोन किलो संत्र्यांसकट जीपमध्ये बसवूनच दिलं.

संत्री खायला नव्हती. चौमू गावाच्या पुढे एका छोट्या नदीवर बंधारा होता आणि तिथून कालवा निघत होता. वरच्या गावचा गहू आणि मोहरी त्याच कालव्यावर. खालच्या गावाचं म्हणणं, कालवा आमची नदी पिऊन टाकतो, आठवड्यातले चार दिवस तो बंद ठेवा. रविवारी दोन्ही गावांची बैठक होती, आणि कालव्यामुळे नदी नेमकी किती घटते तो आकडा गौतमीने द्यायचा होता. आकडा चुकला, तर ऐन ओंबी भरताना वरच्यांचा गहू तरी वाळणार, नाहीतर खालच्यांच्या विहिरी तरी.

पद्धत साधी. पात्राची रुंदी-खोली मोजायची, वीस मीटरच्या टप्प्यात संत्री सोडायची आणि ती किती सेकंदांत पोचतात ते बघायचं. संत्रं बरंचसं पाण्याखाली राहून तरंगतं, वाऱ्याने भरकटत नाही. गौतमी एकदम पाच सोडायची. खाली उभे असलेले भीमराव हिरवी झेंडी दाखवायचे, की ती घड्याळ थांबवायची. झेंडी त्यांनी घरून आणली होती. कुणी मागितली नव्हती.

शनिवारी दुपारपर्यंत बंधाऱ्याच्या वर, कालव्यात आणि खालच्या गावाजवळ अशी तिन्ही मोजमापं झाली, आणि सगळ्याचा विचका झाला. आकड्याला आकडा लागेना. गौतमीला शंका आली.

"बाबा, तुम्ही कोणत्या संत्र्याला झेंडी दाखवता?"

"शेवटच्या."

"शेवटच्या? मतलब, काठाच्या गवतात अडकत अडकत येतं त्याला?"

"मंग? शेवटचा डबा पास झाल्याबिगर गाडी गेली असं कोणी म्हणते का?"

गौतमीने कपाळाला हात लावला, आणि मग तिला हसू आवरेना. "मधल्याला दाखवा हो. तिसऱ्याला." भीमरावांना हे नियमबाह्य वाटलं, पण पोरीचं राज्य होतं.

पुन्हा तिन्ही ठिकाणं. आता वर सेकंदाला दोनशे लिटर आले, कालव्यात ऐंशी. म्हणजे खाली एकशेवीस हवेत. निघाले दीडशे.

"तिसऱ्यालेच दाखवली," भीमरावांनी आधीच सांगून टाकलं.

गौतमीचा चेहरा उतरला. तीस लिटर काही आभाळातून पडत नाहीत. उद्या कुणीही तोंडावर म्हणेल, वजाबाकी जमत नाही आणि निवाडा करायला आल्या. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

भीमराव एक संत्रं सोलत काठावर बसले. "हे कालव्याचं पाणी जाते कुठं?"

"शेतात."

"अन् शेतातून?"

"पिकाला, बाबा. संपलं."

"सारंच? असं कसं संपते व? लूपवर घेतलेली गाडी हरवते का? मेन लाइन सोडते, अन् पुढं पुन्हा मेन लाइनलेच लागते."

एवढं बोलून त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठाकाठाने बंधाऱ्याच्या दिशेने चालू लागले. अर्ध्या किलोमीटरवर, मोहरीच्या मागे, उंच गवताआड एक चर खळखळत नदीत उतरत होता. वरच्या शेतांतून वाहून आणि पाझरून आलेलं पाणी होतं ते. भांडण जुंपल्यापासून त्या काठाला दोन्ही गावांचं कुणी फिरकलंच नव्हतं. गौतमीने चर मोजला. अठ्ठावीस लिटर! दोन लिटरचा फरक संत्र्यांच्या हिशेबात माफ असतो. तिने चिखलातच बापाला मिठी मारली. इतका आनंद तिला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

रविवारी कडुनिंबाखाली दोन्ही गावं दोन बाजूंना तोंड फिरवून बसली. गौतमी उभी राहिली. कालवा ऐंशी लिटर घेतो, पण तीसेक परत देतो. नदी घटते ती पन्नासने. खालच्यांपेक्षा वरचेच जास्त चकित झाले. आपण काही परत करतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. चार दिवसांऐवजी दोन दिवस कालवा बंद ठेवावा, असं तिने सुचवलं.

खालच्या गावचे कानाराम भांडायच्या तयारीनेच आले होते. पगडी सावरत ते म्हणाले, "पहले दिखाओ."

भीमराव तयारच होते. ते पुढे, मागे कानाराम, आणि मग सगळी बैठकच उठली. वरचे आणि खालचे एकाच पायवाटेला लागले, एकमेकांना चिखल चुकवायला हात देत. कडुनिंबाखाली उरली गौतमी आणि खालच्यांच्या चार दिवसांच्या मागणीचा सहीविना कागद.

थोड्या वेळाने मोहरीपलीकडून हसण्याचा गलका उठला आणि कानारामांची हाक आली, "बाईसा, दो दिन लिख दो! सही लौटकर करेंगे!"

गौतमीने 'चार' खोडून 'दोन' लिहिलं, आणि चपला हातात घेऊन ती त्यांच्या मागे धावली.