हरणाबाईंचं शून्य

येरमाळ्याजवळच्या त्या गावात चैतालीचा तिसरा दिवस होता. पुण्याच्या एका संस्थेसाठी ती घरोघर फिरून 'सामाजिक भांडवल' मोजत होती. कोणाच्या ओळखी किती, अडीनडीला कोण धावून येतं, कोण कुठल्या समितीत, सगळ्याला गुण. आदल्या दिवशी कृष्णराज पाटलांच्या ओसरीवर तिला फॉर्मची जागा पुरली नव्हती. सोसायटी, दूध संघ, देवस्थान, तालुक्याचे साहेब. "गरिबांचं घोडं ओळखी नसल्यानंच अडतं," असं संस्थेच्या सरांनी प्रशिक्षणात सांगितलं होतं.

आज ती हरणाबाईंच्या दारात बसली होती. म्हातारी सत्तरीची, मागंपुढं कोणी नाही.

"आजी, कुठल्या गटात, समितीत आहात का?"

"मला कोण घेतंय, माय?"

"दवाखान्यात जायची वेळ आली तर सोबत कोण येईल?"

"कुणी न्हाय."

चैतालीनं शून्य लिहिलं. तेवढ्यात शेजारची तारामती कालवणाची वाटी घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"कुणी न्हाय? मग मी कोण गं, मावशे?" तारामती म्हणाली. "माझी दोन्ही बाळंतपणं तू केलीस. आन् ह्या बाईला सांगतीस, कुणी न्हाय?"

हरणाबाई गडबडल्या. वाटी घ्यायला त्यांनी हात पुढं केला, तो वाटीपासून वीतभर लांबच गेला. चैतालीनं चमकून त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. दोन्हींवर पांढुरकी साय धरली होती.

"दोन साल झाले," तारामती म्हणाली. "धाराशिवला आपरेशन फुकट व्हतंय. सोबत माणूस आणा म्हणतेत, तर ही जायचं नाव काढंना."

हरणाबाई हळूच म्हणाल्या, "हिला सांगितलं की ही येणारच, पोरी. म्हणून तर सांगत न्हाय. कायम कसलं ना कसलं काम असतंय, आता सोयाबीनचं खुरपण चाललंय. दोन दिस खाडा केला की टोळीतली जागा जाती. मग लेकरांच्या तोंडात काय घालंल ही?"

"पाटलांकडं जीप आहे ना, आजी?"

"त्येंच्या घरची बाळंतपणं बी म्याच केली. बोलावलं की जायाची. पण म्या बोलावलं तर येतील का, हे बघायचा धीर कधी झाला न्हाय."

चैतालीनं बाहेर येऊन सरांना फोन लावला. म्हातारीला माणूस आहे, पण ती त्याला हाक मारत नाही. अशा वेळी काय लिहायचं?

"आकडा लिही. बाकीचं नंतर बघू."

आत येऊन तिनं फॉर्म पिशवीत सरकवला. तिच्या आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपून तिला शिकवलं होतं. "ताई, तुमचं खुरपं द्या," ती तारामतीला म्हणाली. "तुम्ही आजींना घेऊन जा. तुमच्या जागी मी जाते."

टोळीची मुकादमीण भुवनेश्वरी आधी हसलीच. "ही? पात तरी धरता येती का?"

"शिकेन. जागा मात्र तारामतीताईंचीच राहू द्या."

पहिल्याच दुपारी तळहाताला फोड आले. तिची पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, सगळ्यांच्या मागं पडायची, तेव्हा शेजारच्या बाया दोन्ही बाजूंनी तिचं तण ओढून घ्यायच्या. संध्याकाळी तिनं सरांना लांबलचक पत्र लिहिलं. इथं माणसांची कमी नाही. पण हाकेला धावणाऱ्यांची चूल त्यानं थंडावते, आणि ज्यांचं काहीच बुडत नाही त्यांना हाक मारायची गरिबाची छाती होत नाही. हे सोडून नुसता आकडा दिला, तर दोष हरणाबाईंच्याच माथी बसेल. सरांचं उत्तर आलं नाही. अहवालात हे जाईल की नाही, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी एसटीतून तारामतीचा हात धरून हरणाबाई उतरल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. चैताली पुढं झाली, तशी त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड जवळ ओढलं, चष्मा थोडा वर केला आणि निरखून पाहिलं.

"अगं बया, एवढीशीच हायस व्हय तू? आवाजावरनं मला चांगली थोराड बाई वाटली व्हतीस. चल, आधी जेवून घे."