पहिली चार, शेवटची चार

मी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. सरळ वाचलं की डोळा सवयीनं पुढे घसरतो आणि चूक निसटते, म्हणून आकडे आम्ही शेवटाकडून वाचत असू. माझा संगणकवाला भाचा यावरून मला जुन्या जमान्यातली म्हणतो. त्याच्या जिभेला हाड नाही.

एकोणीस वर्षं मी भाड्यानं राहतेय ती खोली मालक मलाच विकायला तयार झाला, पण पैसे त्याला क्रिप्टो चलनात हवे होते. भाच्यानं माझी सगळी पुंजी त्या चलनात बदलून आणली. मालकानं चाळीस अक्षरांचा पत्ता कागदावर छापून दिला होता, त्यावर ती पाठवायची. चुकीच्या पत्त्यावर गेली की परत मिळत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं.

"हा पत्ता म्हणजे मालकाच्या गुप्त किल्लीचा हॅश," भाचा म्हणाला. "किल्ली गणितात घातली की ही अक्षरं बाहेर पडतात."

"आणि दुसऱ्या कुणाच्या किल्लीतून हीच निघाली तर?"

"त्याला टक्कर म्हणतात. सूर्य विझेल, पण ती व्हायची नाही. मावशी, तू नसता घोर लावून घेतेस."

सोमवारी त्यानं चिमूटभर रक्कम पाठवून पाहिली होती आणि ती मालकाला मिळालीही होती. आज त्यानं झालेल्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलला. पहिली चार अक्षरं पाहिली, शेवटची चार पाहिली.

"जुळला. सगळे एवढंच बघतात."

"थांब जरा," म्हणत मी कागद पडद्याशेजारी धरला. शेवटची चार खरंच जुळत होती. त्यांच्या आधीचं जुळेना. कागदावर सात, पडद्यावर नऊ. मधली सगळीच अक्षरं निराळी होती.

भाच्याचा चेहरा उतरला. कुणा भामट्यानं दोन्ही टोकं जुळेपर्यंत किल्ल्या धुंडाळल्या होत्या आणि त्या पत्त्यावरून आमच्याकडे कवडीभर रक्कम पाठवून तो यादीत शिरला होता. चाळीस अक्षरांची टक्कर अशक्य, हे भाच्याचं खरंच होतं. आठांची मुद्दाम घडवता येते, आणि हा दीडशहाणा आठच बघत होता. त्याला खडसावायचे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले.

"मावशी, काल मी मालकाला थोडे पाठवलेत," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडचे. तेवढे तुझे कमी जावेत, तुझ्या हाताशी काहीतरी उरावं म्हणून. तुला नंतर सांगणार होतो."

"याच पत्त्यावर?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"किती?"

"होते तेवढे."

मी कागद खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझी खोली वाचली होती, पण त्या घटकेला मला ती नकोशी झाली.