रिकामी तागडी उचलू नये

मी एक जुनी तागडी हाय, मित्रांनो. दांडी लोखंडाची, पारडी पितळेची, मधात काटा. एक साखळी तुटली, तिथं आता सुतळी बांधली हाय. देऊळघाटच्या एका गोठ्यात मी खुंटीले लटकून राह्यली. जुन्या वस्तूनं आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगाव्या म्हणतात. माह्याजवळ तशा नाहीत. एकच गोष्ट हाय, अन् ते सांगताना मले शरम वाटते.

नांदुऱ्याच्या एका लोहारानं मले घडवलं. घडवल्यावर त्यानं मले रिकामी उचललं. काटा मधात सरळ उभा राह्यला, तवाच त्यानं मले दुसऱ्याच्या हाती देलं. घेणारा होता उकंडराव. त्याच्या वाडीत वांगे, सांबार अन् भेद्रं पिकत. शहरातल्या मित्रांनो, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर अन् भेद्रं म्हणजे टमाटे. पहिले काही वर्षं मी इमानदार होती. एवढंच छाती ठोकून सांगते, कारण पुढं छाती ठोकासारखं काही नाही.

मंग शेर गेले अन् किलो आले. बाया बाजारात गोंधळून जात. "किलो म्हणजे शेराहून जास्त का कमी, भाऊ?" त्या गोंधळात उकंडरावले नको ते सुचलं. बांगडीवाल्याजवळची लाख आणून त्यानं तापवली, अन् मालाच्या पारड्याखाली चपटी थापली. वरून दिसे नाही, पण दर खेपेले एक वांगं खाऊन जाये.

आता रिकामी उचलली की मी एका अंगाले झुके. म्हणून त्यानं एक रीतच काढली. "रिकामी तागडी उचलू नये, बरकत जाते." आधी वजन टाके, मंग माल, मंगच मले उचले. बाया माना हलवत. वर्षभरात बाजारातले दुसरे भाजीवालेबी तसंच म्हणू लागले, बिचाऱ्यांची तागडी खरी असूनही! दसऱ्याले अवजारं धुऊन पुजतात. पहिले मले त्याची बायको वच्छलाबाई धुये. आता उकंडराव स्वतः धुवाले बसे. वच्छलाबाई कौतुकानं म्हणे, "पाहा, भक्ती वाढली मालकाची!" मले वाटे, खुंटीवरून पडावं अन् फुटून जावं.

त्याईची पोरगी गोकर्णा सहा वर्षांची होती. लहानपणी ताप आला, त्यात एक पाय लुळा पडला. शाळेतल्या गुरुजीनं सांगितलं, "सध्या घरीच ठेवा. जूनमधी आणा. लिहिता-मोजता येत असन त घेतो." वच्छलाबाई चौथी शिकलेली. तिनं सपरीतच, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, शाळा मांडली.

परातीत राख पसरून बोटानं अक्षरं काढायची. डोळे मिटून पाला हुंगायचा, नाव सांगायचं, अन् त्याचंच पहिलं अक्षर राखेत लिहायचं. व वांग्याचा, भ भेद्राचा, स सांबाराचा. एकदा तिनं ओंजळभर हरभरे माह्यात तोलले, भिजू घातले, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलले.

"माय, हे त जड झाले! काऊन?"

"पाणी पेले ना त्याईनं."

"मंग म्या पाणी पेलं त मीबी जड होईन?"

"होशीन. अन् रात्री अंथरुणात हलकी होशीन!"

दोघीबी पोट धरून हासल्या. मलेबी तवा बरं वाटलं. बाजारात जे पाप करो, ते सपरीत धुतल्या जाते असं मी समजत होती. कशाचं काय!

मोजणं शिकवासाठी वच्छलाबाईनं चिकनमातीच्या गोळ्या केल्या. एकाच पळीत दाबून, सावलीत वाळवून, साऱ्या सारख्या. "दहा इकडं टाक, दहा तिकडं. बराबर मोजलं त काटा उभा राहीन."

गोकर्णानं टाकल्या. मालाचं पारडं खाली गेलं.

"चुकलं तुहं. मोज पुन्हा."

पुन्हा मोजल्या. पुन्हा तेच. चार दिवस हेच चाललं. पोरगी बोटं दुमडून मोजे, ओठ चावे, काटा काही उभा राहे नाही. पाचव्या दिवशी तिनं हलक्या पारड्यात गुपचूप दोन गोळ्या वाढवल्या. काटा उभा राह्यला.

"किती हायेत?"

"दहा," ते खाली पाहून बोलली.

वच्छलाबाईनं स्वतः मोजल्या. बारा निघाल्या. तिनं काडकन तोंडात देली. "तागडी खोटं नाही बोलत. तू बोलते! गुरुजीपुढं असंच करशीन का?"

वच्छलाबाई वाईट नव्हती, मित्रांनो. जून जवळ आला होता अन् तिचा जीव टांगणीले लागला होता. पण उकंडराव? तो तिथंच बसून सांबाराच्या जुड्या बांधून राह्यला होता. त्याचा हात थांबला. त्यानं माह्याकडं पाह्यलं. अन् मंग दुसरी जुडी बांधाले घेतली. मले तोंड नाही. त्याले त होतं!

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई पाण्याले गेली. गोकर्णा रागातच होती. "जाऊ दे बरकत," असं म्हणून तिनं मले दोन्ही हातानं रिकामी उचललं. पारडं झुकलं. तिनं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पुन्हा झुकलं. मंग तिनं मले उलटं केलं.

वच्छलाबाई घागर घेऊन आली, त पोरगी नखानं लाख खरवडून राह्यली होती. वच्छलाबाईनं पारडं हातात घेतलं, अन् घागर न उतरवताच दारात उभी राह्यली. संध्याकाळी उकंडराव आला.

"बाबा, चोरी सापडली! कोणंतरी तागडीले लाख लावली. कोणं लावली असन?"

तो पाय धुवाले वळला.

"सांगा ना," वच्छलाबाई बोलली. "लेकरू विचारून राह्यलं."

"अवो, बाजारात साऱ्यांचंच..."

"बाजाराचं नाही विचारत. मी हिले मारलं. तुम्ही इथंच बसले होते."

उकंडरावनं सांगितलं, "म्याच लावली, बाई."

"मंग माय मारे तवा काऊन नाही बोलले?"

त्यानं विळा घेतला अन् लाख खरडू लागला. इतक्या जोरानं खरडली का पारड्यावर ओरखडे पडले. ते अजून हायेत.

पुढच्या बाजारात पुष्पाबाई नावाची नेहमीची गिऱ्हाईक बोलली, "काऊन उकंडभाऊ, आज एक वांगं जास्त चढलं! लॉटरी लागली का?" तो फक्त "हाव" म्हणाला. मले वाटलं, सांगन. नाही सांगितलं. लाख निघाली, पण खोटं चिकटूनच राह्यलं.

जून आला. गोळ्यांचं गाठोडं अन् मी, दोघंबी शाळेत गेलो. गुरुजी म्हणे, "दाखव बाई मोजून." गोकर्णानं मले पहिले रिकामी उचललं.

"अगं अगं! रिकामी तागडी उचलू नये, बरकत जाते!"

बाजारातलं खोटं शाळेच्या टेबलापर्यंत येऊन पोचलं होतं. गोकर्णानं दारात उभ्या आपल्या बापाकडं पाह्यलं. सारी शाळा पाहून राह्यली होती.

उकंडरावनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "उचलू द्या, गुरुजी. ते गोष्ट म्याच पसरवली. तागडीखाली लाख होती माह्या. माही पोरगी बराबर मोजे, तागडीच खोटी होती."

काटा मधात उभा होता. गोकर्णानं दहा इकडं टाकल्या, दहा तिकडं. तरी काटा उभाच.

तिले शाळेत घेतलं. पण मित्रांनो, आता ते मोठी झाली तरी कोणतंबी मोजणं दोनदा करते. पहिल्यांदा बराबर येते, तरी तिचा भरवसा बसत नाही. ते पाह्यलं का मी खुंटीवर भिताडाकडं काटा फिरवते.

म्हणून एवढंच मागते. लेकरू चुकलं असं वाटलं, त हात उगारायच्या आधी आपली तागडी रिकामी उचलून पाहा. अन् खोटं कुठं लागलं हे ज्याले माहीत हाय, त्यानं जुड्या बांधत बसू नये.