लतिकाला आराम

खो-खोच्या सरावात माझ्या नडगीचं हाड मोडलं आणि लतिका एकदम भलती गोड झाली. ती आमच्याच संघातली, आमच्याच इंदिरा नगरमधली. प्लास्टर निघालं तरी माझं दप्तर तीच उचलायची, मला हाताला धरून बसवायची. आई तर तिच्यावर जाम खूश. आणि एक दिवस स्टाफरूमबाहेर माझ्या कानांनी ऐकलं. ती पी.टी. सरांना सांगत होती, "सर, जुई से अब नहीं होगा. मैं सँभाल लूँगी."

झालं. माझ्या जागी ती कॅप्टन. त्याच क्षणी ठरवलं, हिला सोडायचं नाही.

गंमत म्हणजे माझे बाबा संशोधन करतात ते हाडांवरच. पाहुणे आले की त्यांचं सुरू: हाडातल्या पेशींच्या पडद्यावर बारीक दारं असतात. भार पडून पडदा ताणला की दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी निरोप धाडते, हाड बांधा. भारच नाही, तर दारं बंद आणि हाड झिजतं. ज्या उंदरांत ते दारच नसतं, त्यांची हाडं अगदी नाजूक. आणि हाच माणूस मला स्कूटरवरून शाळेच्या गेटपर्यंत सोडायचा, घरी जिना चढू द्यायचा नाही.

जेवताना मी विचारलंच, "बाबा, तुमच्या उंदरांची दारं काढलीत ते ठीक. माझी का बंद ठेवलीत?"

बाबांनी जेवता जेवताच डॉक्टरांची वेळ घेतली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता हळूहळू भार टाकायलाच हवा. मग आधी जिने, नंतर पार्कात दोरीवरच्या उड्या. प्रत्येक उडीला मनात एकच: उघडा दारं, लतिकाला धरायचंय.

शाळेत मात्र मी पाय ओढतच चालायचे. दप्तर तिलाच उचलू द्यायचे.

संघनिवडीच्या ट्रायलला मी हट्टानं नाव दिलं. लतिका पळणारी, मी चौकोनात बसलेली. मला खो मिळाला तेव्हा ती हसली आणि निवांत पळाली. लंगडीसाठी काय घाई करायची? खांबाजवळ मी सूर मारला आणि तिच्या पाठीवर हात टेकवला. पुढच्या डावात ती जीव तोडून पळाली. तरी धरली.

सरांनी सगळ्यांसमोर कॅप्टन म्हणून माझं नाव घेतलं. लतिका बाकावर, लालबुंद. मी तिचं दप्तर उचलून आणलं, बाटलीचं झाकण उघडून दिलं. ती उठायला लागली, तर प्रेमानं खांदा दाबून खाली बसवलं.

"बैठ यार, आराम कर. मैं सँभाल लूँगी."