शेपटीवरची लाल पट्टी

ताईला पहिली नात झाली त्या वर्षी, एका शनिवारी दुपारी, मामाच्या हातातलं पातं नको तेवढं खोल गेलं.

मामा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. गाड्यांच्या सीटांना रेग्झिनची कव्हरं शिवायचा त्याचा धंदा. ताईचे यजमान, म्हणजे दाजी, लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवत. छताखालच्या केबिनीत बसून ते लोखंडाचे गठ्ठे असे अलगद नेत, की खाली काम करणारा माणूस मान वर करून बघत नसे. उतारवयात त्यांना रिमोटच्या विमानांचा नाद लागला. विकतचं विमान नको, घरी केलेलं हवं. फोमबोर्डाचे पंख आणि धड दाजी बनवत, मोटार तेच बसवत. शेपटी मात्र मामाकडे.

"माझा हात उचलायचा, मेव्हणे, तुमचा कापायचा," असं ते चारचौघांत सांगत, आणि मामाची छाती फुगे.

शेपटीत सगळी मेख मागच्या हलत्या पट्टीत असते. फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मध्ये हलका फोम. वरचा कागद आणि फोम कापायचा, खालचा कागद शाबूत ठेवायचा. तोच बिजागरीचं काम करतो. मग फोमची कड तिरकी तासली की पट्टी वरखाली मोकळी हलते. तारेने ती पट्टी वर ओढली की विमान नाक वर करतं. ती हातची गेली, तर विमान कुणाचं ऐकत नाही.

पण रेग्झिन कापणाऱ्या हाताला अर्धवट कापायची सवय नसते. शेपटीच्या वेळी मामा त्या हाताला लगाम घालून बसे. त्या शनिवारी एक गिऱ्हाईक दुकानात ठाण मांडून बसलं होतं, मामा त्याच्याशी बोलत कापत होता, आणि हाताने आपला रोजचा दाब दिला. खालचा कागदही आरपार गेला.

नवी शेपटी करायला फोमबोर्ड उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर मैदानावर जाणार होतं, नात पहिल्यांदाच आजोबांचं विमान बघणार होती. दाजींना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं, पुढच्या रविवारी. तेवढंच. पण हात चुकला, एवढं म्हणायला मामाची जीभ रेटेना. त्याने फटीवर चिकटपट्टी लावली आणि ती दिसू नये म्हणून वरून लाल पट्टी डकवली. मागची हलती पट्टी हलवून पाहिली. हलत होती.

संध्याकाळी दाजी शेपटी न्यायला आले. लाल पट्टी झकास दिसते, उंचावर शेपटी ओळखू येईल, म्हणाले. मामा हो म्हणाला.

मैदानावर ऊन कडक होतं. बाळाला दूध पाजून होईपर्यंत विमान गवतावर तापत पडलं. मग दाजींनी ते उडवलं. पहिल्या फेऱ्या देखण्या झाल्या. ताईने टाळ्या वाजवल्या. पुढच्या वळणावर मामाला उन्हाने सुटलेली लाल पट्टी फडफडताना दिसली. दाजींच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, त्यांना ती दिसली नाही. विमानाने नाक खाली केलं ते वर उचललंच नाही. ते बाबागाडीच्या शेजारी जमिनीत घुसलं. हात लांब केला असता तर लागलं असतं, इतकं जवळ. बाळ जागंही झालं नाही. सुनेने त्याला उचलून छातीशी धरलं.

सगळ्यांच्या आधी मामा धावला. लोकांना वाटलं, बाळाकडे धावतोय. तो शेपटीकडे धावत होता. सुटलेला तुकडा त्याने खिशात कोंबला, आणि घरी जाताना कचऱ्यात टाकला.

दाजी जागच्या जागी उभे होते, रिमोटवरच्या आपल्या अंगठ्याकडे बघत. "मी नाक वर ओढलं होतं, मेव्हणे. बहुतेक ओढलंच नसेल."

"वारा होता, दाजी."

"पान हलत नाहीये," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि मला क्रेनवरून उतरवा म्हणाले. कारखान्याच्या डॉक्टरने हात तपासले, काही दोष नाही म्हणून सांगितलं. दाजी म्हणाले, डॉक्टरसाहेब क्रेनखाली उभे राहत नाहीत. मग त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, कामगारांना हातमोजे वाटायला. ताईने हे मामाला फोनवर सांगितलं, आणि शेवटी हळूच म्हणाली, "नातीला घेत नाहीत रे. हातातून पडेल म्हणतात."

तरीही मामाला जायला बरेच दिवस लागले. रोज दुकान बंद करताना तो उद्या जाऊ म्हणे.

गेला तेव्हा दाजी खिडकीपाशी बसले होते. मामाने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं: पातं, चिकटपट्टी, लाल पट्टी, खिसा. दाजींनी ऐकून घेतलं आणि ते हसले.

"तुम्ही लहानपणापासून असेच. काच फोडली ताईने आणि मार खाल्ला तुम्ही. तिनेच सांगितलंय मला."

"दाजी, खरं सांगतोय. शेपटी माझ्यामुळे गेली."

"मग दाखवा तो तुकडा."

"टाकला."

"बघा. त्या दिवशी वारा होता, आज शेपटी आहे. आणखी दोन महिन्यांनी काय असेल?" त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस म्हणून तुम्ही सोनं आहात. पण माझा हात गेला, ते मला कळतं."

तेवढ्यात ताई सुई आणि दोरा घेऊन आली. तिला हल्ली सुईचं नेढं दिसत नसे. दाजींनी बोलता बोलता दोरा ओवला, पहिल्याच खेपेला, आणि सुई तिच्या हातात दिली. मामाने ते पाहिलं. ताईनेही पाहिलं असावं. मामाने तेही दाजींना दाखवून दिलं. सुई सुई असते, क्रेन क्रेन असते, दाजी म्हणाले. मग मामाने निदान नातीला तरी घ्या म्हणून हात जोडले.

"घेईन की. आधी हात ठीक होऊ दे."

मामा त्यानंतर दर आठवड्याला जात राहिला. दर वेळी तेच सांगे, आणि दाजी दर वेळी त्याची समजूत काढत. नात धरून उभी राहायला लागली. ती दाजींच्या गुडघ्याला धरून उभी राही, वर बघून हात करी, आणि दाजी दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याशी गोड गोड बोलत.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, कामावरून घरी येताना, छातीत कळ येऊन दाजी वारले.