दोन जुन्या डिस्क आणि एक अस्वल

फोटो नव्हता, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. अस्वल होतं की नव्हतं ते पुढे येईलच, पण फोटो नव्हता. आणि त्या नसलेल्या फोटोपायी मी, शामराव गजभिये, वॅगन कारखान्यातला रिटायर फिटर, पंचाहत्तरीला आठ दिवस उरलेला माणूस, गुढियारीतल्या स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरत होतो.

महिना मे. रायपूरचा मे म्हणजे तेलीबांध्याच्या तलावातले मासे दुपारी पाण्याबाहेर येऊन झाडाखाली बसतात. मी स्वतः पाहिलेत. एकाने तर मला सरकून जागा दिली होती. तरी मला फुटलेला घाम उन्हाचा नव्हता. तो चेतनाच्या बक्शाचा होता.

चेतना माझी नात. मुलगा आणि सून बिलासपूरला नोकरीत, ही तेलीबांध्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते, म्हणून आमच्याकडे राहते. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. एक दिवस तिच्या फोनने जागा संपली म्हणून काम बंद पाडलं. माझ्याही फोनने पाडलं, कारण सकाळी सहापासून त्यात शुभेच्छांचे गुलाब येऊन पडतात. लोक म्हणे आपले फोटो ठेवायला दूरदेशी भाड्याने जागा घेतात. चेतना म्हणाली, फोटो आपले तर जागाही आपली हवी; जुन्या सामानातून स्वस्तात एक बक्सा बांधू, घरातल्या सगळ्यांचे फोटो त्यात टाकू, मग फोनवर बघा नाही तर टीव्हीवर. इथपर्यंत मी खूश होतो. मग ती म्हणाली, "आबा, आपका भालूवाला फोटो भी डालूंगी. संडे को बर्थडे है ना, टीवी पे सबको दिखाएंगे."

ती गोष्ट माहीत नसलेला माणूस गुढियारीत सापडायचा नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल, म्हणून सांगतो. सन एकोणऐंशी, विश्वकर्मा पूजेचा दिवस. त्या दिवशी कारखान्यात घरच्या लोकांना आत यायची मुभा असायची, काम असं नसायचंच. पाऊस इतका की रिकाम्या वॅगनमधून आम्ही पाणी नव्हे, मासळी उपसत होतो. मी एका बंद वॅगनमध्ये तपासणीसाठी शिरलो होतो. तपासणी थोडी आडवं होऊन चालली होती. एवढ्यात दारात काहीतरी उभं राहिलं. काळं, केसाळ, दार भरून. त्याच क्षणी वीज चमकली. आवाज मात्र झाला नाही. आवाज न करणारी वीज मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. त्या उजेडात मला दात दिसले. अस्वल. मी शांतपणे माझा डबा पुढे केला. त्याने दोन भाकरी ठेच्यासकट खाल्ल्या, बादलीभर पाणी प्यालं, माझ्याशी हात मिळवला आणि बस्तरच्या दिशेने निघून गेलं. कधी ते पायी जातं, कधी पॅसेंजर गाडीने. ते मी ऐकणारा पाहून ठरवतो.

पुढे दोन वर्षांनी कारखान्यात नीलकंठ रामटेके लागला. हा माणूस जन्मला तेव्हा रडलासुद्धा नसेल, आधी दाखला मागितला असेल. त्याने पुरावा मागितला. मी म्हणालो, कारखान्याच्या फोटोवाल्याने फोटो काढलाय. कुठे आहे? गोंदियाला, साळ्याकडे. साळा रायपूरला आला तेव्हा फोटो भंडाऱ्याला मावशीकडे गेला. असा तो फोटो चाळीसेक वर्षं हिंडत राहिला. नीलकंठ दर दिवाळीला त्याचा पत्ता विचारायचा. त्याची मला कधी फिकीर वाटली नाही. फिकीर चेतनाची. चार वर्षांची असताना ही पोट्टी माझं बोट धरून झोपायची आणि त्या अस्वलाचं नाव काय होतं म्हणून विचारायची. तिने आजवर पुरावा मागितला नव्हता. आताही मागत नव्हती. फोटो आहे हे धरूनच चालली होती.

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही तिच्या स्कूटीवर गेलो. दुकान लोकेशचं. ऑफिसांनी टाकून दिलेली यंत्रं तिथे जमिनीपासून छतापर्यंत रचलेली. चेतनाने एक डबा निवडला, जो म्हणे पूर्वी कुठल्याशा ऑफिसात पत्रं टाइप करायचा, आणि त्यात घालायला डिस्क मागितल्या. लोकेशने कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून निघालेल्या पाच डिस्क पुढे सरकवल्या आणि शपथेवर सांगितलं की जेमतेम वर्षभर चालल्या आहेत. चेतनाने एकेक डिस्क तिच्या लॅपटॉपला लावली. पहिली डिस्क म्हणाली, मी एकतीस हजार तास चालले. लोकेश हसला आणि म्हणाला, "दीदी, यह तो खुद ही बोल देती है." चेतनाही हसली. मला हसू आलं नाही. हाताएवढी वस्तू, पोटात स्वतःचं वय लिहून हिंडते आणि विचारेल त्याला सांगते. माझी बेचैनी तिथून सुरू झाली. तीन डिस्क परत गेल्या, कमी तास चाललेल्या दोन घरी आल्या.

चेतनाने डबा उघडला, रंगाच्या ब्रशने पंख्यातली धूळ काढली. धूळ इतकी निघाली की त्यात मी कोथिंबीर पेरणार होतो. पंख्याखालच्या चिपवरचा वाळलेला लेप खरवडून, पानाला चुना लावतात तसा तिने नवा लेप लावला. पेनड्राइव्हमधून फुकटचं सॉफ्टवेअर चढवलं. कूलरची ओली हवा लागू नये म्हणून बक्सा समोरच्या कोनाड्यात ठेवला आणि तिथून राउटरपर्यंत भिंतीच्या कडेने वायर नेली. दोन डिस्क काहून, असं मी विचारलं. ती म्हणाली, जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी सगळं सांगते.

मग बक्सा भरायला लागला. त्याचा निळा दिवा लुकलुकायचा आणि मी खोलीतून अंगणात, अंगणातून गल्लीत. गोंदियाहून साळ्याच्या मुलाने त्यांच्या घरचे सगळे फोटो पाठवले. एक पत्ता बंद झाला. भंडाऱ्याच्या मावशीची नात हौशी. तिने पाच अल्बम मोबाइलवर टिपून धाडले. दुसरा बंद. मी विहारात जाऊन बसलो, पाच मिनिटांत उठून आलो. चहा केला, प्यायचा विसरलो, पुन्हा केला. अंजनाबाई, माझी बायको, तांदूळ निवडत हे सगळं बघत होती. पायाला भिंगरी लागली का, एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, ऊन फार आहे.

गुरुवारी चेतना ऑफिसला गेल्यावर मी बक्शाचं झाकण उघडलं. वॅगनचे ब्रेक खोलणाऱ्या हाताला एक वायर काढणं काय अवघड. एका डिस्कची वायर काढली, झाकण लावलं आणि बऱ्याच दिवसांनी शांत बसलो. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला तेलीबांध्याहून फोन आला.

"आबा, बक्से को हाथ लगाया क्या?"

मी म्हणालो, उंदीर असेल. ती म्हणाली, उंदराने वायर कुरतडली नाही, व्यवस्थित काढली आहे, कारण बक्शाने तिला तसा निरोप पाठवलाय. फोटो एकही गेला नाही, सगळे दुसऱ्या डिस्कवर आहेत. उंदराला सांगा, मशीन बंद करून वायर परत लावा. मी लावली. पहिली डिस्क दुपारभर दुसरीकडून सगळं पुन्हा ऐकून घेत होती. अंजनाबाई म्हणाली, "उंदराले चष्मा लागते वाटते. टेबलावर विसरला."

शुक्रवारी मात्र मला आशा दिसली. चेतनाने फोटो शोधायची सोय दाखवली. इंग्रजीत शब्द लिहायचा, बक्सा त्याचा फोटो आणून ठेवतो. तिने गंमत म्हणून हत्ती लिहिलं. बक्शाने नीलकंठचा राखाडी सफारीतला पाठमोरा फोटो आणला. चेतनाने समजावलं की हे यंत्र कधी नाही म्हणतच नाही. मागितलेलं सापडलं नाही तर त्यातल्या त्यात जवळचं जे दिसतं ते पुढे करतं. मला ते यंत्र तेव्हा पहिल्यांदा आवडलं. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं?

शनिवारी मी तयारी केली. साळ्याच्या घरी मोती नावाचा काळा, झिपरा कुत्रा होता. गोंदियाच्या फोटोंत तो भरपूर होता. अस्वल मागितलं की बक्सा मोतीच आणणार. मग मी सांगणार की हे त्या अस्वलाचं पिल्लू, गोंदियात वाढलेलं. ही गोष्ट मी गच्चीवर तीनदा घोकली. खाली आलो तर अंजनाबाई चेतनाला विचारत होती की कागदावरचा जुना फोटो बक्शात जातो का. चेतना म्हणाली, "हव, जाता है." माझं चित्त मोतीत होतं, मी लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी अकराला नीलकंठ आला. तोच राखाडी सफारी. गल्लीतले चौघं-पाचजण आले, खीर झाली, आणि चेतनाने टीव्ही लावला. मी खुर्चीत बसलो, उठलो, पुन्हा बसलो. नीलकंठ म्हणाला, "बसून राय नं बे शामराव, आता तं थे अस्वल स्वतःच येऊन राहिलं." चेतनाने अस्वल लिहिलं. निळा दिवा लुकलुकला.

मोती आला नाही.

काळापांढरा फोटो आला. बंद वॅगनचं उघडं दार. दारात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत काळ्या घोंगडीची खोळ घेतलेली, पावसात निथळणारी एक बाई. हातात डबा. हसतेय, म्हणून दात दिसतायत. आणि खाली चिखलात एक काडीसारखा माणूस गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हात जोडून, डोळे घट्ट मिटून. चेहरा वेडावाकडा झाला होता, पण कान माझे होते. माझे कान मी कुठेही ओळखीन.

त्या विजेचा आवाज का झाला नाही, ते मला तेव्हा कळलं.

नीलकंठ उठला, चष्मा पुसला, टीव्हीला नाक लागेपर्यंत जवळ गेला. अंजनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"दात माहेच आहेत," ती म्हणाली. "फोटोवाला माह्या मागंच होता, वॅगन दाखवाले आला होता. आठ दिवसांनी फोटो घरी देऊन गेला. हे ड्युटीवर होते."

आता खरं सांगायला हरकत नाही. ती तेव्हा नवीनच रायपूरला आली होती. पूजेचा दिवस म्हणून कारखाना बघायला आणि डबा द्यायला आली, पावसासाठी आईची घोंगडी घेऊन. मी झोपलो होतो. दारात ते काळं रूप पाहून तिच्या बाजूने खाली उडी टाकली, चिखलात गुडघ्यांवर पडलो आणि हात जोडून ओरडत सुटलो. ती हसत मागे वळली तेवढ्यात फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला. तिने खोळ मागे घेतली तोवर माणसं धावत येत होती. काय झालं म्हणून विचारलं, तर बायकोला भ्यालो हे कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हणालो, अस्वल होतं, गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, डबा हातात दिला आणि काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, सेहेचाळीस वर्षं नाही. मी ही गोष्ट सुरू केली की ती आत जायची. मला वाटायचं, भाकरी करपत असेल.

नीलकंठ हसायला लागला होता. भिंत धरून हसत होता. त्याचं काही नाही, तो वर्षभर हसणारच. मी चेतनाकडे पाहायचं टाळत होतो. शेवटी पाहिलं. ती हसत नव्हती. फोटोवरून तिची नजर हलत नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "फोटो तो सच में था."

आयुष्यभर हजार थापा मारल्या. त्यातली एक खरी निघाली, आणि तीही मला न विचारता. मोतीची घोकलेली गोष्ट मी तिथेच सोडून दिली. नीलकंठने डोळे पुसून विचारलं की फोटो ठीक आहे, अस्वलाचं काय. तेवढ्यात चेतनाने खोळीतल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. बक्शाने त्याभोवती गोल काढला आणि हे कोण म्हणून नाव विचारलं. चेतनाने आजीकडे पाहिलं.

"अस्वल लिही," अंजनाबाई म्हणाली.

चेतनाने लिहिलं. बक्शाला तो चेहरा आधीच ओळखीचा होता, फक्त नाव कोणी दिलं नव्हतं. क्षणभरात टीव्हीवर वर नाव आलं, अस्वल, आणि खाली अकराशे त्रेचाळीस फोटो. विहारात पांढऱ्या साडीतलं अस्वल. गोंदियाला मोतीच्या शेजारी बसलेलं अस्वल. मुलाच्या लग्नात रुसलेलं अस्वल. बारा दिवसांच्या चेतनाला मांडीवर घेतलेलं अस्वल. चेतना एकेक पुढे सरकवत होती. बऱ्याच फोटोंत अस्वलाच्या बाजूला मी होतो, कान बाहेर काढून.

नीलकंठ हळूहळू मागे सरकला. खुर्चीत बसला. सगळे फोटो संपेपर्यंत बघत राहिला.

"थे तं बस्तरले गेलं म्हणत होता तू," तो म्हणाला.

"नाही गेलं," मी म्हणालो. "तेवढं मी खोटं सांगत होतो."

आतून अस्वलाने विचारलं, नीलकंठभाऊंच्या चहात साखर किती.