मेलेला कोपरा

बाबा फवारणीचे पंप दुरुस्त करतात. पंप आधी धुवायचा आणि ते पाणी मागच्या कोपऱ्यात ओतायचं, हे माझ्या जन्माआधीपासून चाललंय. आईचं लिंबाचं झाड त्यानेच वाळलं. तेव्हापासून त्या जागेचं नाव ‘मेलेला कोपरा’. बाबा तिकडे बघायचंही टाळतात. शनिवारी गवंडी येऊन त्यावर सिमेंट ओतणार होता.

मी तिथली चिमूटभर माती मावशीच्या प्रयोगशाळेत नेली. शाळेचा प्रयोग! दोन काचेच्या ताटल्या, त्यांत कीटकनाशकाने पांढरट झालेला थरथरणारा थर; मातीतल्या जिवाणूंना खायला तेवढंच. एकीत बागेतली माती, दुसरीत कोपऱ्यातली. बाग जिंकणार, हे मी वर्गात छातीठोकपणे सांगून बसले होते.

पाच दिवसांनी बघते तर ‘बाग’ कोरी! आणि ‘कोपऱ्या’वर ठिपकेच ठिपके, प्रत्येकाभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ. तेवढ्या जागेतलं पांढरं विष गायब!

“झाकणांवर नावं लिहिलीस?” मावशीने कपाळाला हात लावला. “धांदरट! झाकणांची अदलाबदल झाली असली तर? नाव बुडाला लिहायचं.”

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. या वेळी नावं बुडाला. आणि शनिवार पाच दिवसांवर.

शनिवारी मावशी टेप लावून बंद केलेली ताटली घेऊन आली, तेव्हा गवंडी घमेलं भरत होता.

“बाबा, थांबवा त्यांना! हे बघा, बूड बघा!”

बाबांनी ताटली उजेडात धरली. बुडाला माझं वेडंवाकडं ‘कोपरा’, आणि वर शेकडो स्वच्छ वर्तुळं. पंधरा वर्षं आम्ही ओतलेलं विष कुणीतरी मुकाट्याने खात होतं.

“हे... तिथलं आहे?” बाबांनी कोपऱ्याकडे बघत विचारलं.

“तिथलंच. पण भावजी, लगेच तिथे झाडबीड लावू नका हं,” मावशी म्हणाली. “आणि आता नवीन ओतू नका. आधीचंच संपवू दे त्यांना.”

“साहेब, माल सुकतोय,” गवंडी म्हणाला.

“पायरी फुटलीये पुढची. तिथे वापरा.”

मी आनंदाने उडी मारली, ती नेमकी कोपऱ्यात.

“ए!” बाबा ओरडले. “बघून पाय ठेव की. जेवतायत ते.”